कागदावरची विहीर

अर्जदार : जमीलाबी, वय अंदाजे पासष्ट, धंदा लग्नघरी ढोलकवर गाणे, राहणार अचलपूर.
गैरअर्जदार : वासुदेव किसन ढोरे, वय त्रेपन्न, धंदा अर्जनवीस, बैठक कचेरीच्या आवारात, अचलपूर.
घटनेचा दिवस : पोळ्यानंतरचा दुसरा मंगळवार.
घटनेचे ठिकाण : प्रथम परतवाडा-अमरावती बस, नंतर अमरावतीच्या एका सरकारी इमारतीतील पहिल्या मजल्यावरची खोली.
साक्षीदार : त्या खोलीच्या दाराशी बसणारा शिपाई तुकाराम.
मुद्देमाल : ढोलक एक, जुनी, एका बाजूची दोरी नायलॉनची.

वरील प्रकरणातील गैरअर्जदार मीच आहे. हजारो लोकांच्या तक्रारी मी लिहिल्या, परंतु माझ्याविरुद्धची तक्रार लिहिण्याची ही पहिलीच वेळ. या अंकाच्या संपादकांनी मला 'वाचन, सिनेमा, संगीत यांनी आपणास काय दिले' असा विषय दिला होता. त्या तिघांनी मला जे दिले ते मी एका बाईच्या अर्जात कसे ओतले आणि त्या बाईचे त्यामुळे काय झाले, हे सांगितल्याशिवाय त्या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

अर्जनवीस म्हणजे नक्कल करणारा लेखनिक, असा शहरातील सुशिक्षितांचा समज आहे. तो चुकीचा आहे. मनुष्य माझ्या टेबलासमोर बसतो तेव्हा त्याची तक्रार भाजीच्या पिशवीसारखी असते. वांगी, टोमॅटो, कोथिंबीर, सगळे एकात. त्यातून कोणती गोष्ट आधी काढायची आणि कोणती पिशवीतच राहू द्यायची, हे अर्जनवीस ठरवतो. वर विषय, खाली संदर्भ, मग महोदय, मग हकीकत, मग मागणी. शेवटी एक ओळ येते. 'वरील मजकूर अर्जदारास वाचून दाखवला, त्यास तो समजला व कबूल आहे.' आमच्या धंद्यात ही ओळ देवघरातल्या समईसारखी मानतात. बाकी काही चुकले तर दुरुस्त होते.

माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे मी स्वतः घेतले. अमरावतीच्या एका सार्वजनिक वाचनालयाचा मी अनेक वर्षे सभासद आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांनी मला शब्द दिले. कादंबरीतला सरदार साधा घोड्यावर बसत नाही, तो 'अश्वारूढ होतो'. मग माझा अर्जदार तरी नुसता कचेरीत का यावा? तो 'न्यायाच्या उंबरठ्यावर उभा' असे. परतवाड्याच्या सिनेमागृहांत मी प्रत्येक चित्रपट दोनदा पाहत असे, एकदा डोळे उघडे ठेवून आणि दुसऱ्यांदा मिटून. मिटलेल्या डोळ्यांनी संवादांची बांधणी कळते. पहिल्या रिळातच प्रेक्षकाला धक्का बसला पाहिजे, हे मला तिथे समजले. अधिकाऱ्याच्या टेबलावर चाळीस अर्ज असतात. जो अर्ज पहिल्या चार ओळींत हलवतो, तो वर राहतो.

याचा प्रत्यय मला वरूडच्या एका संत्रा बागायतदाराने दिला. त्याच्या बागेतून माल काढण्याची वाट शेजाऱ्याने दगड टाकून अडवली होती. तीन साधे अर्ज होऊन काही झाले नव्हते. चौथा मी लिहिला. 'फळभाराने वाकलेली झाडे वाटेकडे डोळे लावून उभी आहेत, आणि वाट दगडांखाली गुदमरत आहे.' अधिकारी आठ दिवसांत स्वतः बागेत आले. तेव्हापासून कचेरीतला एक कारकून मला म्हणत असे, "ढोरेजी, तुमचा अर्ज आला का आमी चहा सांगतो अन् मंगच वाचतो." मनुष्याने हे ऐकून काय करावे?

उलट प्रत्ययही आला होता. घरावर झुकलेला विजेचा खांब हलवावा, एवढ्या मागणीसाठी मी एका वृद्ध गृहस्थांचा अर्ज रहस्यकथेसारखा रचला, खांबाचे नाव शेवटच्या परिच्छेदात आणले. अर्ज परत आला. समासात लाल शाईने लिहिले होते, 'मागणी काय?' मी ते वाचणाऱ्याच्या अरसिकतेच्या खात्यावर टाकले.

राहिले संगीत. या बाबतीत मी सर्वांत अधिक बोललो आहे आणि सर्वांत कमी समजलो आहे. अकोल्याला एका संगीत सभेस मी खास बसने गेलो होतो. तिसऱ्या रांगेत बसलो. पुढच्या रांगेतल्या माना हलल्या की माझी मान हलत असे, क्वचित अर्धा क्षण उशिरा. परंतु परत आल्यावर महिनाभर मी 'स्वरांचा अभिषेक' हे शब्द अर्जांत वापरले; एकदा तर बंद पडलेल्या हातपंपाच्या तक्रारीत.

या तयारीचा मी, आणि माझ्यासमोर आषाढाच्या सुरुवातीला जमीलाबी येऊन बसली.

अचलपूरच्या मुसलमान घरांत लग्न असले की हळदीच्या दिवशी आतल्या खोलीत बायका बसतात. तिथे ढोलक घेऊन गाणारी बाई लागते. जमीलाबी चाळीसेक वर्षे हेच करत आली. तिला मी रस्त्याने जाता-येता पाहिले होते, काखेत कापडात गुंडाळलेली ढोलक. आतल्या खोलीत आम्हाला प्रवेश नसल्याने तिचे गाणे ऐकण्याचा प्रसंग आला नव्हता.

"भाऊ, मले एक कागद पायजे," ती म्हणाली.

"कशाचा?"

"का मी गानेवाली आहे म्हनून."

"ते तर सगळ्या अचलपूरला माहीत आहे."

"अचलपूरले माहीत आहे. कागदाले कुठी माहीत आहे?"

मग तिने सांगितले. परतवाड्यात एका लग्नात ती दाराशी पोचली तेव्हा अंगणात मोठे स्पीकर लावून झाले होते. नवरदेवाच्या मामाने, जो नागपूरहून आला होता, तिला पाहून आवाज दिला, "ए मांगनेवाली, बाजू हो जा." तिची भाची तिथे पंगतीत वाढत होती. भाचीने ऐकले आणि मान खाली घातली.

"मामाचं मले काई नाई वाटलं," जमीलाबी म्हणाली. "थो नागपूरचा. पन पोरीनं मान खाली काहून घालावं? मले सरकारचा कागद पायजे. दिवाराले लावतो. तिले म्हनतो, घे वाच, तुई मावशी मांगनेवाली नाई, गानेवाली आहे."

वृद्ध कलावंतांची एक सरकारी यादी असते. नाव लागले की दाखला मिळतो आणि काही मानधनही. मी ते सांगितले.

"पैशे देतीन तं घेईन, नाई कायले म्हनू? पन पहिले कागद."

त्या यादीच्या नियमांचे पत्रक माझ्या खणात होते. मी ते पूर्ण वाचले नाही. त्यात कथानक नव्हते. पहिले पान पाहिले, प्रतिज्ञापत्र लागते एवढे पाहिले, आणि लेखणी उचलली. 'नवरा काय करत होता?' एवढेच मी तिला विचारले. ती म्हणाली, "ट्रक चालवत. बारा वर्षं झाले, गेला." मला पहिल्या रिळाचा धक्का मिळाला होता.

प्रतिज्ञापत्रात मी जे लिहिले ते आता संपादकांनी छापावेच अशी माझी इच्छा आहे. 'कोकिळकंठी जमीलाबीचा कंठ पतीच्या मृत्यूच्या वार्तेने क्षणात मूक झाला. त्याच सायंकाळी तिने आपली प्राणप्रिय ढोलक घरासमोरील विहिरीत टाकली, आणि पुन्हा आयुष्यात कधीही न गाण्याची शपथ घेतली. आज तिचे मौन शासनाकडे न्याय मागत आहे.'

वाक्य उतरले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग ती शेवटची ओळ लिहिली, 'वाचून दाखवला, समजला व कबूल आहे', आणि शाईचा पॅड पुढे केला. वाचून दाखवले नाही. त्या दिवशी टेबलाभोवती गर्दी होती, असे मी पुढे अनेकांना सांगितले आहे. गर्दी होती हे खरे आहे. परंतु वाचले असते तर ती 'हे काट' म्हणाली असती, हेही मला त्या वेळी ठाऊक होते. तिने अंगठा उठवला, तो पदराने पुसला आणि म्हणाली, "तुमचं अक्षर लय मस्त आहे, भाऊ."

दोन महिन्यांनी समितीचे पत्र आले. अर्जदाराने पुराव्यांसह व कला सादर करण्याच्या तयारीने हजर राहावे. तिला वाचता येत नसल्याने ती ते माझ्याकडे घेऊन आली, आणि सोबत येण्याचा आग्रह केला. पत्राच्या पाठीमागे नियम छापले होते. ते मी घरी जाऊन वाचले. कलम चार : अर्जदाराने कला खंड न पडता चालू ठेवलेली असावी.

मंगळवारी सकाळी परतवाड्याच्या बस स्टँडवर जमीलाबी नवे लुगडे नेसून उभी होती. काखेत कापडात गुंडाळलेली ढोलक होती.

"ही कशाला घेतली?" मी विचारले.

"पत्रात लिवलं आहे ना, गाऊन दाखवा म्हनून. ढोलकीबिगर का टाळ्या पिटू?"

"तुमची बहीण इथेच राहते. तिच्याकडे ठेवू. येताना घेऊ."

"काहून जी? तिकीट लागते का तिले?"

बस सुटली. तिने ढोलक मांडीवर घेतली. मी मनातल्या मनात सर्व बाजू तपासत होतो. ती गायली तर शपथ खोटी. गायली नाही तर कला बंद पडलेली, म्हणजे नाव बाद. ढोलक दिसली तरी विहिरीचे वाक्य बुडाले. माझ्या आजवरच्या लेखनात मी लोकांना अनेक पेचांतून सोडवले होते. असा दोन्ही बाजूंनी बंद केलेला पेच मी कधी पाहिला नव्हता, आणि याचे कुलूप मी घडवले होते.

आसेगाव आले तेव्हा मी म्हणालो, "जमीलाबी, अर्जात मी थोडे साहित्यिक लिहिले आहे."

"म्हन्जे?"

"म्हणजे वाचणाऱ्याच्या मनाला भिडावे असे."

"मंग चांगलंच आहे की."

एवढ्यावर मी थांबलो. वलगावच्या आधी पुन्हा धीर केला, तर ती ढोलकीवर हात ठेवून झोपली होती. माझ्या बाजूने मी हे पुरेसे कारण मानले.

खोलीबाहेर तुकाराम शिपाई होता. जमीलाबीने त्याच्याशी लगेच सूत जमवले. आत कोण बसले आहे, त्यांची नावे काय, बाईसाहेब कुठल्या, गुरुजींना नातू झाला की नात, सर्व विचारून घेतले. मला वाटले, भीतीने बोलते आहे. तिचे नाव पुकारले तेव्हा मी सोबती म्हणून आत गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसलो.

समितीच्या अध्यक्ष एक बाई होत्या, शांत, चष्म्यावरून पाहणाऱ्या. शेजारी एक निवृत्त शिक्षक, तेच तुकारामचे गुरुजी. शिक्षकांनी माझे प्रतिज्ञापत्र उचलले आणि मोठ्याने वाचायला घेतले. त्यांचा आवाज चांगला होता. मी कबूल केले पाहिजे की, त्या अवस्थेतही एका ठिकाणी 'क्षणात' हा शब्द आधी यायला हवा होता, असे मला वाटून गेले. मग ते विहिरीच्या वाक्याला आले. त्यांचा आवाज मंद झाला. त्यांनी वर पाहिले. अध्यक्षबाईंनीही पाहिले. दोघांची नजर जमीलाबीच्या मांडीवर होती.

"बाई, हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"ढोलक, साहेब."

"विहिरीत टाकलेली?"

जमीलाबी हळूच मागे वळली आणि माझ्याकडे पाहिले. मी काही न सांगता तिने सर्व ओळखले होते. मला वाटले, आता ती माझे नाव घेईल. ती पुढे वळली.

"थे दुसरी होती, साहेब."

शिक्षकांना हसू आले. अध्यक्षबाईंना आले नाही.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "इथे लिहिले आहे की त्या दिवसापासून तुम्ही गाणे सोडले. सोडले असेल तर तुमचे नाव यादीत घेता येत नाही. सोडले नसेल तर हे शपथेवरचे लिखाण खोटे आहे, आणि खाली तुमचा अंगठा आहे. या दोहोंतले कोणते, ते तुम्ही सांगा."

समितीच्या कारकुनाने लेखणी कागदावर टेकवून ठेवली होती. जमीलाबीच्या हाताची बोटे कापडावरून ढोलकीच्या कडेवर फिरत होती. मला वाटले, माझ्यासाठी ती दुसरे उत्तरही खोटे देणार, आणि त्या कागदाची आशा सोडून देणार.

"माह्या घराजोळ इहीरच नाई, साहेब," ती म्हणाली. "नळ आहे. थोबी एक दिवस आड येते."

मी उठलो. उठायला जेवढा वेळ लागला तेवढा लागायला नको होता. "हा मजकूर माझा आहे," मी म्हणालो. "बाईंना तो वाचून दाखवलेला नाही."

"आपण कोण?"

"अर्जनवीस."

"खोट्या शपथपत्राचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे?"

"आहे. मीच लोकांना समजावून सांगतो."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "बाहेर थांबा," त्या म्हणाल्या.

तुकारामने बाकावर जागा केली. "बसा जी. लय जन येतात असे बाहेर." दार बंद झाले. दारावरच्या झरोक्याची काच फुटलेली होती. आत काही बोलणे झाले, ते कळले नाही. मग ढोलकीवर एक थाप पडली.

जमीलाबीचा आवाज कोकिळेचा नाही. तो जाड आहे, मध्येच चिरतो, आणि चिरतो तिथेच ती जोर देते. ही लग्नघरातली गाणी असतात कशी, तर ठरलेल्या चालीत समोर बसलेल्यांची नावे घालून, त्यांची थट्टा करून, नवरीला हसवायचे. म्हणून तिने नावे विचारून घेतली होती. तिने अध्यक्षबाईंना नावानिशी चष्म्यावरून छेडले. गुरुजींना नातवावरून छेडले. आत शिक्षक मोठ्याने हसले. तुकाराम दाराला कान लावून उभा राहिला. मग चाल तीच ठेवून ती गायली,

"कागज पे कुआँ खुदाया वासुदेवभैया ने,
बोलो सखी, पानी भरने कौन चला!"

ती ओळ तिने तीनदा घेतली. तिसऱ्यांदा आतून कोणीतरी टेबलावर ठेका धरला. मी बाकावर बसलो होतो आणि माझी मान हलत होती. माझ्यापुढे कोणतीही रांग नव्हती.

समितीने शेरा दिला. आधीचे प्रतिज्ञापत्र मागे घेतल्याचे नोंदवावे. नवे, खरे द्यावे. आणि कला खंड न पडता चालू असल्याबद्दल निरनिराळ्या गावांतील लोकांच्या साक्षी पुढील बैठकीपूर्वी जोडाव्यात. माझ्याविषयी अध्यक्षबाई तोंडी जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. ते योग्य होते.

परतीच्या बसमध्ये वलगाव येईपर्यंत ती ढोलकीच्या दोऱ्या आवळत होती. मग म्हणाली, "भाऊ, तुमी मले विचारलं काहून नाई?"

"काय?"

"का नवरा मेला तवा काय केलं म्हनून. इद्दतीत, म्हन्जे तुमच्या सुतकावानी, घरात बसली होती. चार महिने दहा दिवस. इद्दत सरली अन् चौथ्या दिवशी मोहल्ल्यातल्या पोरीच्या हळदीले गेली. नवरी हसून राहिली होती अन् मी घुंगटात रडून राहिली होती. पन ठेका नाई सोडला. हे लिवलं असतं तं?"

माझ्या सर्व वाचनात याच्या तोडीचे वाक्य मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी आली. मी आधीच सांगितले की दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावे, समोर संगणकवाला आहे.

"तुमीच लिवा," ती म्हणाली. "ज्यानं गाठ मारली थ्यानंच सोडावं. मी सांगतो तसं. एक शबद जास्त टाकला तं तुमच्या पोराच्या लग्नात काय गाईन ते पाहा."

प्रतिज्ञापत्र अकरा ओळींचे झाले. माझ्या हातून उतरलेला तो सर्वांत रुक्ष कागद आहे. मी तो तिला तीनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वाचनात तिने 'सुमारे' हा शब्द काढायला लावला.

अडचण साक्षींची आहे. तिचा एकही फोटो नाही. फोटोवाला अंगणात असतो, गाणारी आत. पत्रिकेवर तिचे नाव कधी छापले गेले नाही. अचलपूरच्या घरांनी लिहून दिले आहे, परंतु समितीला इतर गावेही हवी आहेत, आणि ज्या मुलींच्या हळदीला ती गायली त्या लग्न होऊन दूर गेल्या. त्यांचे पत्ते तिला माहीत नाहीत. पुढील बैठक दिवाळीनंतर आहे. तोवर साक्षी आल्या नाहीत तर प्रकरण बंद होईल, आणि भिंतीवर लावायला तिला काही मिळणार नाही.

सबब, या अंकाच्या वाचकांस नम्र विनंती की, आपल्या, आपल्या आईच्या किंवा बहिणीच्या हळदीला अचलपूरची जमीलाबी ढोलक घेऊन आली असल्यास तसे दोन ओळींत लिहून सहीनिशी संपादकांच्या कार्यालयाकडे पाठवावे. कोणाचे लग्न, कोणते गाव, आणि ती गायली, एवढेच लिहावे. आवाज गोड होता असे लिहू नये. तिने आपली कोणती थट्टा केली हे आठवत असल्यास तेवढे अवश्य लिहावे. पत्र माझ्या नावे पाठवू नये. ते तिथून थेट समितीपुढे जावे, वाटेत माझ्या हाती न पडता. आपल्या उत्तराची बैठकीच्या दिवसापर्यंत वाट पाहिली जाईल. अर्जदारास न्याय मिळावा, ही विनंती.

आपला,
वासुदेव किसन ढोरे
अर्जनवीस, अचलपूर